गोंड्यातील तार

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष श्री. यादवरावजी, कृषी खात्याकडून अगत्याने आलेले प्रमुख पाहुणे, आमच्या फुलविक्रेते संघाचे चिटणीस आणि मानपत्राचे लेखक श्री. झुंबरराव, संघाचे सर्व सभासद, सकाळचा माल बाजारात उतरवून अंगावरच्या कपड्यांनिशी थेट येथे आलेले मखमलाबादकडील बागाईतदार बंधू, डावीकडे बसलेल्या माता-भगिनी आणि जागा न मिळाल्यामुळे दाराशी उभे असलेले सज्जन हो,

अठरा वर्षे मी, खंडेराव, म्हणजे आपले अण्णा, या संघाचा अध्यक्ष होतो. आज वयाची पंचाहत्तर वर्षे पूर्ण करून मी त्या जागेवरून उठत आहे. आपण मला शाल दिलीत, श्रीफळ दिलेत, हा शेवंतीचा हार घातलात आणि मानपत्र दिलेत. शाल आणि श्रीफळ यांच्याविषयी मला बोलायचे नाही. मला मानपत्राविषयी बोलायचे आहे, आणि हाराविषयी. रीतीप्रमाणे हार गळ्यात पडला की लगेच काढून टेबलावर ठेवायचा असतो. मी तो अजून काढलेला नाही. आमच्या मंडळी, म्हणजे सौ. भागुबाई, पहिल्या रांगेतून मघापासून मला खुणा करीत आहेत की काढा, बरे दिसत नाही. काढणार आहे. पण त्याला कारण आहे, आणि ते त्याच्या क्रमाने सांगितलेले बरे.

माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंत झाले. त्याची मला लाज नाही. त्या चार इयत्तांत गुरुजींनी ऱ्हस्व-दीर्घ असे घोटवून घेतले की दुकानाची पाटी रंगवताना उकार चुकला, तेव्हा मी रंगाऱ्याला शिडीवरून खाली उतरू दिले नव्हते. 'फूल' दीर्घ आणि 'फुले' ऱ्हस्व, हे मी फुलबाजारात निदान दोनशे लोकांना सांगितले असेल. ऐकणारे थोडे, हसणारे पुष्कळ. आत्तासुद्धा मागे कोणीतरी हसले. हसा.

तर मानपत्र. ते वाचले जात असताना मी ऐकत होतो, आणि नंतर चष्मा लावून मी ते स्वतः वाचले. भाषा उत्तम आहे. त्यातील सातव्या ओळीत असे लिहिले आहे की, 'हारांतून तार हद्दपार करण्याची दुरदृष्टी अध्यक्षांनी दाखविली आणि द्राक्षाच्या काड्यांची कमान ही देणगी त्यांनी नाशिकला दिली.' यात 'दूरदृष्टी' या शब्दाचा पहिला उकार ऱ्हस्व पडला आहे. तो दीर्घ हवा. झुंबरराव, मान खाली घालू नका. ती चूक लहान आहे. एका रेघेने सुधारेल. पण उकार दीर्घ केल्यावरही तो शब्द तेथे चूकच राहतो. मला दूरदृष्टी नव्हती. खरे सांगायचे तर हातातल्या वस्तूकडे पाहण्याचीसुद्धा दृष्टी नव्हती. आणि ती कमान माझी नाही.

मग कोणाची, असे आपण विचाराल. नवसाबाईंची. जुन्या मंडळींना नवसाबाई ठाऊक आहेत. नव्या सभासदांसाठी सांगतो. मखमलाबादच्या वाटेवर त्यांचे थोडे रान आहे. झेंडू, शेवंती, थोडी वांगी, बांधाला केळी. यजमान लवकर गेले. बाईंनी फुले विकता विकता हार करायला घेतले, आणि हार करता करता मंडप सजवायला घेतले. त्या डावखुऱ्या आहेत, हे लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे.

त्यांची काम करण्याची पद्धत आम्हा सगळ्यांहून निराळी. आपण मंडपाचे काम घेतले की पहिला प्रश्न विचारतो, लांबी किती, रुंदी किती. बाई विचारायच्या, "वारा कुठनं येतो?" आणि दुसरा प्रश्न, "उद्या ही फुलं जाणार कुठं?" लग्नघरच्या माणसांना याचे उत्तर देता येत नसे. फुले उद्या कुठे जाणार, म्हणजे काय? उकिरड्यावर, नाहीतर गोदावरीत! पण बाई हटत नसत. फूल शेवटी कुठे जायचे ते आधी ठरवायचे आणि मग ते कुठे बसवायचे ते ठरवायचे, हा त्यांचा नियम. झाडाच्या आळ्यात जायचे असेल तर रंग लावलेले चालत नाही. गुराच्या तोंडी जायचे असेल तर सुई, टाचणी, तार चालत नाही. म्हणून त्यांच्याकडे दोरा म्हणजे केळीच्या सोपटाचा धागा. देठ रोवायला पळसाच्या पानात बांधलेला ओल्या मातीचा गोळा. फुले म्हणाल तर बाजारात विकत मिळतात त्यांच्याइतकाच मान बांधावरच्या कुर्डूला, तेरड्याला, ज्वारीच्या कणसाला. एकदा एका बौद्ध वसाहतीत बुद्धपौर्णिमेच्या विहार-सजावटीसाठी त्यांनी भर वैशाखात, बाजारात फूल दिसत नव्हते तेव्हा, नुसत्या पिंपळाच्या कोवळ्या पालवीने आणि कडुलिंबाच्या मोहराने बुद्धमूर्तीचा चौथरा सजवला होता. मी तो पाहून आलो आणि घरी म्हणालो, "गरिबीची सजावट." असे मी म्हणालो. भागुबाई साक्षीला आहेत. गरिबीची नव्हती. वैशाखात वैशाखाकडे जे असते ते त्यांनी घेतले होते.

माझी पद्धत वेगळी होती. मला फूल ताठ हवे. मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात मी तांब्याची वाइंडिंगची तार पाहिली. केसासारखी बारीक. ती मी फुलाच्या देठातून घालू लागलो. हाराच्या खालच्या गोंड्यात तर अशी घालीत असे की गोंडा चार तास गळ्यात राहिला तरी एक पाकळी लवत नसे. आणि तार दिसायची नाही. लोक गोंडा हातात घेऊन उलटासुलटा करायचे, त्यांना सापडायची नाही. तीन पीळ देऊन टोक आत दुमडायचे, ही माझी खूण. माझी तार कोणाला दिसत नाही, हा माझा अभिमान होता.

यावरून आमचे नेहमी वाजायचे. बाजाराच्या ओट्यावर बाई सगळ्यांदेखत म्हणायच्या, "अण्णा, तुमचं फूल पोलिसावानी हुबं ऱ्हातंय. लवू द्या की त्याला जरा!"

मी म्हणायचो, "लवलेले फूल म्हणजे मरगळलेले फूल."

"मंग तुमी तर कधीच लवत नाय. तरी तोंड का मरगळल्यालं असतंय?"

सगळा ओटा हसायचा. मी हसत नसे. मी त्यांना सांगायचो की 'लवत नाय' नव्हे, 'लवत नाही'.

आता ती कमान. दिंडोरीकडे द्राक्षाच्या छाटणीनंतर काड्यांचे ढीग पडतात आणि लोक ते जाळतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. बाईंनी ते पाहिले आणि काडी हातात घेऊन वाकवून पाहिली. ओली असेतो ती हवी तशी वाकते, सुकली की त्याच आकारात धरते. त्या एक भारा घेऊन एस.टी.त चढू लागल्या. कंडक्टर म्हणाला, "बाई, सरपण गाडीत चालत नाही."

बाई म्हणाल्या, "सरपण नाय रं बाबा, कमान हाय. वाकवायची ऱ्हायलीय."

त्या काड्यांची कमान, तिच्यावर सोपटाने बांधलेली फुले, आणि लग्न उरकले की फुले आळ्यात, सोपट आळ्यात आणि काड्या नवरीच्या घरी पाणी तापवायला बंबाखाली. काही म्हणजे काही मागे उरत नसे. आपण आज प्रत्येक मंडपात लावतो ती हीच. तिला बाजारात 'अण्णांची कमान' म्हणतात. नऊ वर्षे म्हणतात आणि नऊ वर्षे मी ऐकून घेतले आहे.

नऊ वर्षे का, ते आता सांगतो. अध्यक्षमहाराज, मी घड्याळाकडे पाहिले आहे. वेळ घेईन, पण फार नाही.

सत्त्याहत्तर सालची गोष्ट. संघाने एका पाहुण्यांचा सत्कार केला होता. एकवीस हार पडले. सत्कारानंतर हार टेबलावर राहतात आणि आपल्या संघाची पद्धत अशी की ते टोपलीत भरून नवसाबाईंच्या गाईला पाठवायचे. गाईचे नाव मैना. हार पाठवण्यापूर्वी त्यांतील तार, टाचण्या काढायच्या, आणि ते काम अध्यक्षांनी स्वतः करायचे, असा नियम मीच केला होता. दुसऱ्यावर माझा विश्वास नव्हता.

त्या दिवशी लोक माझ्याभोवती उभे होते. पाहुण्यांच्या गळ्यातील मुख्य हाराचा गोंडा हातोहात फिरत होता. वाहवा होत होती. मी बोलता बोलता हारांतील तार काढत होतो. दिसली ती काढली. गोंड्यातली माझी तार दिसत नव्हती, कारण ती दिसू नये अशीच मी बसवली होती. मलाही दिसली नाही. ज्या हाताने ती घातली, त्या हाताला तिची आठवण राहिली नाही.

टोपली घ्यायला बाई स्वतः आल्या होत्या. त्यांनी विचारले, "अण्णा, तार नाय ना कुठं ऱ्हायली?"

मी म्हणालो, "खंडेराव हार तपासूनच देतो."

हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे.

मैनाने खाणे सोडले ते तिसऱ्या आठवड्यात. पंधरा दिवस कुंथत होती. गेली तेव्हा तिची कालवड चार महिन्यांची होती. गुरांच्या डॉक्टरांनी पोट उघडून पाहिले. त्यातून काय निघाले, हे मला कोणी सांगायला नको होते, पण बाईंनी ते आणून दाखवले. आपल्या मासिक सभेत. पळसाच्या पानात गुंडाळून आणले होते. टेबलावर ठेवून पान उघडले. तांब्याची तार. तीन पीळ. टोक आत दुमडलेले.

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "अण्णा, हा पीळ कुनाचा?"

सभेत तीस-पस्तीस माणसे होती. त्यांतील कितीतरी जण आज येथे बसले आहेत. तो पीळ कोणाचा, हे त्यांतील प्रत्येकाला ठाऊक होते. सगळे माझ्याकडे पाहत होते. आणि मी, या संघाचा अध्यक्ष, उभा राहून म्हणालो, "गाय काय फक्त आमचेच हार खाते? रस्त्यावर काय काय खात असेल. आणि पिळावर कोणाचे नाव लिहिलेले नसते."

बाईंनी पान पुन्हा गुंडाळले. म्हणाल्या, "खरं हाय. मंग आजपासनं माझ्या हारावरबी तुमच्या संघाचं नाव नको." आणि गेल्या. त्या दिवसापासून आजपर्यंत नवसाबाईंनी या संघासाठी एक गजरादेखील केला नाही. आमच्यापैकी कोणी त्यांना अडवले नाही. इतरांनी का अडवले नाही हे त्यांचे त्यांना माहीत. मी का अडवले नाही, ते आपण आत्ता ऐकलेत.

घरी गेल्यावर भागुबाईंनी ताट वाढले आणि म्हणाल्या, "लोकांच्या वेलांट्या सुधारता. हे कधी सुधारणार?" मी जेवलो. नंतरही नऊ वर्षे मी ते सुधारले नाही.

पुढच्याच महिन्यात मी संघात ठराव आणला की हारांत तार वापरू नये. कारण काय दिले? तारेने पाहुण्यांच्या कपड्यांना डाग पडतात! टाळ्या पडल्या. ठराव एकमताने मंजूर झाला. झुंबररावांनी त्यालाच दूरदृष्टी म्हटले आहे. त्यांचा दोष नाही. त्या वेळी ते संघात नव्हते. त्यांच्यापुढे फक्त सभेचा वृत्तान्त होता, आणि वृत्तान्तात गाय नाही. तो वृत्तान्तही माझ्याच अक्षरात आहे.

हारांतून तार गेल्यावर मंडपातही ती वापरायला तोंड उरले नाही; मग मंडप सजवायचे कसे? तेव्हा मी काय केले, तेही सांगून टाकतो. नाशिक रोडला एका वसाहतीत बाईंनी लग्नाचे काम घेतले होते. मी समोरच्या रस्त्यावर पानाच्या टपरीशी सकाळपासून उभा राहिलो. मी पान खात नाही. त्या दिवशी पाच खाल्ली. काडी कुठे वाकवतात, सोपट किती भिजवतात, मातीचा गोळा केवढा करतात, सगळे पाहून घेतले आणि येऊन आपणा सर्वांना शिकवले. कोणी विचारले, "अण्णा, हे कुठे शिकलात?" तर मी म्हणायचो, "निरीक्षण." तेवढे मात्र खोटे नव्हते.

आणखी एक गोष्ट, जी कोणालाच ठाऊक नाही. सत्त्याहत्तरनंतर मी कोणत्याही गाईच्या तोंडी हार दिलेला नाही. माझ्या दुकानातील उरलेली माळसुद्धा नाही. गाय समोर आली की मी हात मागे घेतो. लोकांना वाटते, अण्णा चिकट आहेत.

आता या हाराकडे येतो.

मघाशी झुंबररावांनी हा माझ्या गळ्यात घातला, तेव्हा मी सवयीने गोंडा चाचपला. आत तार नाही. दोरा नाही. केळीचे सोपट आहे, आणि अजून ओलसर आहे. पाठीमागे मानेशी गाठ लागली. ती मी बोटाने पाहिली. वेढे उलटे आहेत. आपण सगळे उजवीकडून डावीकडे घेतो, हे डावीकडून उजवीकडे घेतले आहेत, आणि टोक चिरून वेढ्याखाली सरकवले आहे. अशी गाठ या जिल्ह्यात एकच हात मारतो. मी झुंबररावांना हळूच विचारले, "हार कोणाकडून आणला?" ते म्हणाले, "आणला नाही, अण्णा. एक म्हातारी बाई आपणहून देऊन गेली. पैसे घेईना. अण्णांची पंचाहत्तरी हाय म्हणली."

पिळावर नाव लिहिलेले नसते, असे मी भर सभेत म्हणालो होतो. गाठीवरसुद्धा लिहिलेले नाही. तरी मी वाचले. तेव्हाही वाचता येत होते.

झुंबररावांच्या म्हणण्यात एक दुरुस्ती आहे. बाई देऊन गेलेल्या नाहीत. त्या महिलांच्या मागच्या रांगेत खांबाशी बसलेल्या आहेत. हिरवे लुगडे. भागुबाई मघापासून ज्या खुणा करीत होत्या, त्या हार काढण्याच्या नव्हत्या, हे मला आत्ता उमगले. त्या मला खांब दाखवत होत्या.

नवसाबाई, आपण कृपया पुढे यावे. अध्यक्षमहाराजांच्या परवानगीने माझी खुर्ची आपल्यासाठी आहे.

बाई म्हणतात, "मी हितंच बरी हाय." ठीक आहे. आपण गेल्यावरही ती खुर्ची नऊ वर्षे मी उबवत बसलो. तिच्यावर आपल्याला बसावेसे वाटू नये, हे योग्यच आहे. मी उभाच राहून बोलतो.

बाई, तो पीळ माझा होता.

झुंबरराव, सातवी ओळ खोडावी. 'खंडेरावांनी गोंड्यात ठेवलेल्या तारेमुळे नवसाबाईंची गाय गेली, म्हणून संघात तार बंद झाली. द्राक्षाच्या काड्यांची कमान नवसाबाईंची आहे, खंडेरावांनी ती पाहून घेतली' असे तेथे लिहावे. अक्षर बारीक काढलेत तर मावेल. चौकटीत लावून माझ्या दुकानात ते मी टांगणार आहे, गिऱ्हाइकाला दिसेल असे. आणि 'दूरदृष्टी'ची आता गरजच उरलेली नाही, त्यामुळे उकाराचाही प्रश्न मिटला.

बाई, एक प्रश्न मी आपल्याला आपल्याच पद्धतीने विचारतो. हा हार आपण केलात, तेव्हा तो शेवटी कुठे जायचा हे आपण आधी ठरवले असेल. कुठे जायचा?

काय म्हणालात? जरा मोठ्याने म्हणा, माझा डावा कान कमी ऐकतो.

सर्वांनी ऐकले असेल. न ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. बाई म्हणतात, "मैनाची कालवड आता चार वेतांची गाय झालीय. तिच्यासाठी केलाय."

मग मी तो घेऊन येऊ का? टोपलीतून पाठवायचा नाही. मी स्वतः, चालत, आपल्या गोठ्यापर्यंत. माझ्या हाताने देऊ का, असे विचारतो आहे. नाही म्हणालात तरी माझी तक्रार नाही.

बाई हसल्या. बाई म्हणतात, "या. पन हार तपासून आणा."

मंडळी, आपण हसलात, पण मी हसलो नाही. स्वतः केलेला, सोपटाचा, तारेचे नावसुद्धा नसलेला हार त्या मला तपासायला सांगत आहेत. बरोबर सांगत आहेत. तपासण्याचे काम अध्यक्षांचे आहे, आणि माझी मुदत आजचा समारंभ संपेपर्यंत आहे.

तेव्हा आता मी आवरतो. अध्यक्षमहाराजांनी मला मध्येच थांबवले नाही, प्रमुख पाहुण्यांनी जांभई दिली नाही, आणि सभासदांनी अठरा वर्षे माझ्या ऱ्हस्व-दीर्घाचा जाच सोसला, याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. मंडपातील मंडळी, ध्वनिक्षेपकवाले, चहाचे बघणारे, यांचेही आभार. बोलताना एखादा शब्द कमी-अधिक, अशुद्ध किंवा कोणाला लागेल असा गेला असेल, तर चौथीतल्या माणसाचा समजून आपण सर्वांनी सोडून द्यावा. दुसऱ्या चुकीची माफी आपल्याकडे नाही. ती ज्यांच्याकडे आहे, त्यांच्याकडे ती मागायला मी येथून जाणार आहे.

तत्पूर्वी हार काढतो. हा पाहा, काढला. आता मी या कोपऱ्यातल्या बाकावर बसून त्याची एकेक गाठ उलगडून पाहणार आहे. गोंडा सर्वांत शेवटी. त्याला वेळ लागेल. ज्यांना घाई असेल त्यांनी चहा घ्यावा.

नमस्कार.